एकवीस कांड्या आणि पुसलेले बाण

१० जानेवारी
कॉलेज सुटल्यावर नारायणगावला रशीदभाईंच्या गॅरेजात. विद्यापीठाचं ड्रिल मशीन गळत होतं, ते दुरुस्तीला टाकलं. कांड्यांची पेटीही तिथेच ठेवली. मंचरला जीप बदलून घरी लोणीपर्यंत वाहणार कोण? तीन आठवड्यांचं काम त्या पेटीत. घाटातल्या कातळात आडवं ड्रिल मारून, आतल्या टोकाशी मोडून काढलेल्या एकवीस दगडी कांड्या, बोटभर लांब. प्रत्येकीवर कोरलेला तिच्या भोकाचा नंबर, आणि मार्करने दोन बाण: वर कुठे, उत्तर कुठे. त्या काळ्या दगडाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून खरी उत्तर उन्हाच्या सावलीवरून काढायची. ढग आले की बसा हात चोळत.

१२ जाने.
र.भाईंनी सगळ्या कांड्या पेट्रोलने पुसल्या! वर लहान-मोठ्या अशा ओळीने लावून ठेवल्या. "मॅडम, लई गाळ व्हता, शाईचे डाग बी. आपल्या गॅरेजातनं वस्तू घाण जात न्हाई." चेहऱ्यावर केवढं समाधान. मी "छान" म्हणाले. गाढव आहे मी. पेटीवर "पुसू नये" एवढं लिहायला काय झालं होतं?

१३ जाने.
गाईड सरांना फोन. "बाण नाहीत म्हणजे नमुने नाहीत. टाकून द्या." टाकून द्या म्हणे! लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव कुठे होता, ते त्या दगडात अजून शाबूत आहे. खालच्या थरात तो उलटा, दक्षिणेला. वरच्या थरापर्यंत पालटला का, यावरच माझा अख्खा प्रबंध. पण दगड डोंगरात कसा बसला होता हेच ठाऊक नसेल तर तो सांगणार काय, कप्पाळ? रिपोर्ट महिनाअखेर. मशीन आज परत गेलं, आता पुढच्या वर्षी. आई म्हणते, "आपल्या वावरात दगडाला काय तोटा? दुसरे घे." डोकं फुटायची वेळ.

१५ जाने.
र.भाईंना शेवटी खरं सांगितलं. मटकन स्टुलावर बसले. मग एकदम, "डोंगरात भोकं हायत ना अजून? मंग जिच्या तिच्या भोकात परत बसवू. मोडलेलं टोक मोडल्या जागी बसतंयच." पीएच.डी. मी करतेय आणि सुचलं त्यांना! आनंद व्हायला हवा होता, राग आला. स्वतःचाच.

१८ जाने., रवि.
दिवसभर घाटात. र.भाई कांडी भोकात सरकवतात, डोळे मिटून हळूहळू फिरवतात, मग "बसली!" मी सावली बघून बाण काढते. चारपर्यंत वीस झाल्या.

राहिली सतरा नंबर. वरच्या थरातली अखंड निघालेली ही एकुलती एक. हिचं मोडलेलं टोक फरशीसारखं सपाट, त्यामुळे कशीही बसते. अशी फिरवली तर ध्रुव पालटलेला, तशी फिरवली तर होता तिथेच. अर्धा तास झटले बिचारे. शेवटी माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, तुमाला उत्तर दिशा कुठल्या अंगाला पायजे तेवढं सांगा. तशी बसवतो."

ऊन अजून होतं. मार्करचं टोपण मी काढलेलंच होतं. "थांबा जरा," म्हणाले.

"नको" म्हणायला हवं होतं. सतरा नंबर आत्ता टेबलावर आहे, बाणाविना कोरीच. जेवायला आईने दोनदा हाक मारली, उठले नाही.