पाय भुईला लागल्याचा दिवस

सोमवार, ४ जानेवारी १९५४

तक्रार-अर्ज आज इस्पितळाच्या विश्वस्त मंडळाकडे स्वहस्ते पोहोचविला. तीन पाने. अनावश्यक विशेषण एकही नाही. मागणी एकच – सिस्टर सीताबाई मगदूम यांना सेवेतून दूर करावे.

कारणे क्रमाने दिली आहेत. माझी पत्नी श्यामला हिच्या पोटावर २ डिसेंबर रोजी शस्त्रक्रिया झाली. चौदा दिवस तिला पलंगावरून पाय खाली ठेवू देऊ नये, अशी लेखी सूचना मी स्वतः दिली होती. १२ डिसेंबर रोजी, शनिवारी, दुपारी चार वाजता मी वॉर्डात शिरलो तेव्हा तिची पावले फरशीवर होती आणि सिस्टरने तिला दोन्ही दंडांना धरले होते. दहा मिनिटांत सारे संपले. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, असे डॉक्टर म्हणाले.

अर्जात एवढेच. उरलेले अर्जात मावण्यासारखे नाही.

५ जानेवारी

तिचा चष्मा अजून खिडकीच्या फळीवर आहे. दांड्या उघड्याच. मिटवावयास हात होत नाही.

शुक्रवार, ८ जानेवारी

मंडळाचे चिटणीस दत्तोपंत सायंकाळी आले. चहा घेतला नाही – सुतकी घराचा संकोच अजून त्यांच्या मनातून गेलेला नसावा.

“प्रोफेसर, ती बाई बचावच करीत नाही हो! मंडळापुढे नुसती उभी. धनपाल डॉक्टर म्हणाले, तिची एक वही आहे, ती तरी बघा. तुमच्याकडून तपासून घेतो म्हणून वही मागितली, तर म्हणते, दोन दिवस द्या.”

मी म्हणालो, खाडाखोड करावयास दोन दिवस पुष्कळ झाले.

“तेच म्हणतो मी! आणि आमच्यात तो हिशेब कळायचा कुणाला? एक वकील, एक गुळाचे व्यापारी आणि मी. तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत. तुम्हीच तपासा.”

फिर्यादीनेच पुरावा तपासावा, हे न्यायाच्या दृष्टीने सर्वथा अयोग्य. तसे स्पष्ट बोलून दाखविले. तरीही होकार दिला. कारण लिहून ठेवतो, कारण या पानाशी खोटे बोलण्यात अर्थ नाही – तिची लबाडी मला माझ्या हातांनी पकडावयाची आहे.

ताई आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, “त्या मुलीची भाकरी काढून घेतलीस म्हणजे श्यामला परत येणार आहे का रे?”

थोरल्या बहिणीस उलट उत्तर देण्याची मला सवय नाही. दिले नाही.

सोमवार, ११ जानेवारी

वही आली. कापडी पाठीची, लांबट. तीन वर्षे दोन महिने. रुग्ण दोनशे बारा. प्रत्येकास एक ओळ. नाव, गाव, वय, शस्त्रक्रिया, कोणत्या डॉक्टरांचा रुग्ण, पोटरी सुजली किंवा नाही, ताप, घरी गेला की वारला. मधल्या एका रकान्याचे शीर्षक – ‘पाय भुईला लागल्याचा दिवस’.

पहिल्या पानावर शाळकरी अक्षरात तीन वाक्ये: ‘मोठे डॉक्टर निजवून ठेवतात. धनपाल डॉक्टर दुसऱ्या दिवशी उठवतात. कोणाचे बरोबर ते मोजून बघायचे.’

मला राग आला. मग थोडा वेळ राग का आला तेच उमगेना. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात इतके स्वच्छ विधान मांडणारे दोन विद्यार्थी निघणार नाहीत.

शेवटच्या पानावर बेरीज आहे. डावीकडे लवकर उठविलेले चौऱ्याण्णव – त्यांपैकी पोटरी सुजलेले दोन, गुठळीने अकस्मात मृत्यू एक. उजवीकडे निजवून ठेवलेले एकशे अठरा – सुजलेले अकरा, मृत्यू तीन.

डावीकडचा तो ‘एक’ म्हणजे श्यामला. सिस्टरच्याच वहीत, तिच्याच हाताने! मला याहून अधिक काय हवे? तीन आणि एक यांतील फरक योगायोगानेही पडू शकतो. पोटऱ्यांचा फरक मात्र तसा वाटत नाही. असो. मुळात आकडे खरे आहेत काय, ते आधी पाहावे लागेल.

बुधवार, १३ जानेवारी

इस्पितळात गेलो. जुने केसपेपर काढून देण्याचे काम नेमके तिच्याकडेच आले. उंचीने लहान, वय तीसच्या आत. गडमुडशिंगीची. लग्नानंतर वर्षातच नवरा गेला, मग सासरच्यांचा विरोध पत्करून मिशनच्या इस्पितळात हे काम शिकली – हे दत्तोपंतांकडून कळले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मीही पाहिले नाही.

शेवटी मीच बोललो. धनपाल डॉक्टरांकडे हलक्या शस्त्रक्रियांचे रुग्ण आले असतील, तर ही तुलनाच अन्याय्य ठरते, असे म्हणालो. हा आक्षेप तिला कळणार नाही अशी माझी खात्री होती.

“म्हणून तर आपरेशनचं नाव न्यारं लिवलंय की, सर. हर्निया हर्नियासंगं बघायचा, पोट पोटासंगं. सरमिसळ केली तर वही खोटं बोलती.”

मग तिने बिद्रीच्या कोणा गुंडूचा कागद माझ्यापुढे ठेवला. “ह्यो हर्निया. दुसऱ्या दिवशी उठवला तर शिव्या घालत हुता मला. सातव्या दिवशी चालत घरी गेला, जाताना नारळ ठेवून गेला.”

एवढ्यात वॉर्डातली आया, अक्काताई, फडके घेऊन आली. वयस्क बाई. मला ओळखले. फडके खाली टाकून, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सर, तुमी अर्ज केलाय न्हवं? मग ऐका! बाईसाब आपणच उतरल्या पलंगावरनं. सिस्टर त्या कोपऱ्यातनं पळत आली, पडताना धरली तिनं! ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. ‘चार वाजायला आलेत, आज त्यांना उभी राहून दाखवते’, असं म्हणत हुत्या…”

“अक्काताई, गप बस!” सिस्टर ओरडली. तिचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला.

घरी चालत आलो. शिवाजी पेठेत कोणीतरी हाक मारली. कोणी, ते पाहिले नाही.

आयेची साक्ष एकतर्फी आहे. तिला सिस्टरविषयी ममत्व असणार. ग्राह्य धरता येत नाही.

‘तुम्ही आलात म्हणजे चार वाजले’ – हे मात्र श्यामला रोज म्हणे. वॉर्डातल्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता.

१४ जानेवारी

संक्रांत. ताईने तीळ आणले नाहीत.

रविवार, १७ जानेवारी

चार दिवस केसपेपर आणि वही ताडून पाहत आहे. दोनशे अकरा ओळी तपासल्या. एकही चूक नाही! एका ठिकाणी वय चुकल्यासारखे वाटले. केसपेपरच चुकीचा निघाला.

दोन दिवसांची मुदत तिने कशासाठी मागितली असेल? खाडाखोड करावयाची असती, तर ती कोठेतरी सापडली असती.

बाहेर तालमीची पोरे फुटबॉलचा सामना जिंकून ओरडत चालली आहेत. श्यामलेला हा गोंगाट आवडे. ‘कोण जिंकलं, विचारा ना’ म्हणून मला गॅलरीत पाठवी. मी जात नसे.

श्यामलेची ओळ – दोनशे नववी – तपासली नाही. ती काय तपासावयाची? मला ती पाठ आहे.

मंगळवार, १९ जानेवारी

एक ओळ सोडून दिलेली तपासणी म्हणजे तपासणी नव्हे. विद्यार्थ्यांना हे वर्षानुवर्षे सांगत आलो. म्हणून आज ती ओळ वाचली.

श्यामला. वय शेहेचाळीस. पोटाची शस्त्रक्रिया. धनपाल डॉक्टर. पोटरी – सुजली. गुठळी. वारल्या.

पाय भुईला लागल्याचा दिवस – २.

दोन?

मी दुसऱ्या दिवशी तेथे होतो. ही वही खोटी ठरविण्यासाठी दुसऱ्या कोणाची साक्ष नको. माझीच रोजनिशी पुरे. गेल्या वर्षाची काढली. ३ डिसेंबर:

‘सिस्टरने श्यामलेस आज उठवून चार पावले चालविण्याचा प्रस्ताव मांडला. धनपाल डॉक्टरांचीही संमती होती. मी स्पष्ट शब्दांत नकार दिला. लेखी सूचना लिहून पलंगाच्या पायथ्याशी लावून घेतली. डॉक्टर म्हणाले, प्रोफेसरसाहेब, तुमची मर्जी. श्यामला म्हणाली, बसू दे की थोडं. तिची समजूत घातली.’

पुढे वाचावयास नको होते. वाचले. १० डिसेंबर:

‘श्यामलेची डावी पोटरी दुखते. पडून राहिल्याने असे व्हावयाचेच, असे तिला सांगितले. अजून पाच दिवस दम धर, म्हणालो. हसली.’

ओळ डोळ्यांजवळ नेली. ‘२’ च्या खाली दुसरे काही होते. पात्याने खरवडलेले. कागद तेवढ्या जागी पातळ झाला आहे. दिव्यासमोर धरला तर त्यातून उजेड येतो. शेजारीशेजारी दोन ‘१’.

अकरा.

दोन दिवसांची मुदत तिने याकरिता मागितली! दोनशे अकरा ओळी खऱ्या, आणि एक खोटी – ती स्वतःच्या विरुद्ध. श्यामलेला तिने उठविलेल्यांत घातले. एक मृत्यू स्वतःच्या बाजूस ओढून घेतला. तो उजवीकडे ठेवला, तर डावीकडे शून्य राहते आणि उजवीकडे चार.

आणि चौथ्याचे कारण पलंगाच्या पायथ्याशी माझ्या अक्षरात लटकत होते.

२० जानेवारी

वर्गावर गेलो नाही. एकवीस वर्षांत प्रथमच.

गुरुवार, २१ जानेवारी

ती कपडे धुण्याच्या हौदाजवळ भेटली. वही माझ्या बगलेत होती. मी विचारले, ही ओळ कोणी बदलली?

ती म्हणाली, “मीच.”

“कशासाठी?”

“वही तुमच्याकडं येणार, असं दत्तोपंत बोलले म्हणून. तुमी दोनशे बारा ओळी बघितल्या नसत्या, सर. तुमाला एकच दिसली असती.”

मी म्हणालो, मला दया नको आहे. फार कोरडे म्हणालो. आवाज तसाच निघाला.

“दया न्हाय ओ. एकाचं काय झालं असतं, ते वही सांगत न्हाय. उठिवल्या असत्या तर बाईसाब जगल्या असत्या, असं मी कुटं लिवलंय? पुष्कळांचं काय हुतं, तेवढंच वही सांगती. उगंच त्याचं वझं तुमी कशाला घ्यायचं?”

हा युक्तिवाद बिनतोड आहे. गणिताच्या दृष्टीने मी त्यात दोष काढू शकत नाही. त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही.

मग मी विचारले, मोठ्या डॉक्टरांच्या वॉर्डात आज किती जण निजून आहेत?

तिने मान खाली घातली. “सहा.”

“ही वही मोठ्या डॉक्टरांनी पाहावी, अशी तुमची इच्छा होती ना?”

“तीन वर्षं त्याच्यासाठीच लिवली की.”

“अशी खरवडलेली वही त्यांना काय सांगेल?”

ती पदराने हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. “खोटं बोलंल,” ती म्हणाली. “ठावं हाय मला. दोन दिस झोप आली न्हाय. पर तुमचं तोंड बघितलंवतं मी त्या दिवशी. चार वाजता.”

यापुढचे संभाषण मला नीट आठवत नाही. नमस्कार केला असावा. मी तिला याआधी कधी नमस्कार केला नव्हता.

शुक्रवार, २२ जानेवारी

अर्ज मागे घेतला. त्याऐवजी दुसरा दिला – दीड पान. सदर वही मोठ्या डॉक्टरांनी माझ्या समक्ष वाचावी. आकड्यांविषयी शंका आल्यास उत्तर मी देईन. दत्तोपंत गोंधळले. “अहो, म्हणजे बाई निर्दोष? मग दोष कोणाचा धरायचा?” उत्तर वहीत सापडेल, असे सांगितले. ती उद्या देतो म्हणालो.

ताईला सर्व सांगितले. ती उठली आणि खिडकीच्या फळीवरचा चष्मा मिटवून ठेवू लागली. मी म्हणालो, राहू दे.

शनिवार, २३ जानेवारी

ओळ दोनशे नऊ. ‘२’ खोडून ‘११’ लिहिले. बेरीज दुरुस्त केली – मृत्यू डावीकडे शून्य, उजवीकडे चार. शेऱ्याच्या जागी – ‘निजवून ठेविले. पतीच्या लेखी मनाईवरून.’ खाली सही केली. अक्षर पलंगाला लावलेल्या त्या चिठ्ठीतल्यासारखेच आले.