ताबापत्रातली त्रेचाळिसावी ओळ

सोमवार, ३

आज रुग्णवाहिका केंद्रावर रुजू झाले. राहायची खोली केंद्राच्या वरच आहे, खिडकीतून गाडीचं छप्पर दिसतं. भिंतीला ओल नाही, नळाला पाणी आहे, पंखा आवाज करत नाही. आईला फोनवर हे तिन्ही मुद्दे सांगितले. तिने चौथा विचारला : जेवलीस का?

माझ्याआधी जे सर होते त्यांनी गाडीचा ताबा दिला. ताबापत्रात बेचाळीस वस्तू. सर घाईत होते, खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. मी मात्र प्रत्येक वस्तू हात लावून मोजली. ऑक्सिजनचे दोन सिलिंडर, मोडलेलं हाड बांधायच्या सहा फळ्या, मानेच्या चार कॉलर. रक्तदाबाच्या एका पट्ट्याची झडप गळत होती, तशी नोंद केली. चालकाला सगळे मामा म्हणतात. मामा बाहेर टेकून चहा पीत होते. म्हणाले, पहिल्या दिवशी सगळेच गाडी मोजतात मॅडम, नंतर गाडी आपल्याला मोजते. मी हसले. शेवटचं पान कोरंच असतं, नुसती सही करा, असं सर म्हणाले. त्यांची बस होती. केली.

आईला नोकरीचा मुख्य नियम समजावला. रुग्णाला एकदा हात लावला की तो आपला. आपल्याइतकं किंवा जास्त शिकलेलं कुणी त्याला घेऊन सही करेपर्यंत सोडता येत नाही. सोडलं तर तो गुन्हा. आई म्हणाली, त्यात काय शिकायचंय, कडेवर घेतलेलं मूल कुणी जमिनीवर ठेवून जातं का.

मंगळवार, ४

पहिला कॉल. शिडीवरून पडलेला रंगारी, डावं मनगट मोडलेलं. त्याला वेदनेपेक्षा सांडलेल्या रंगाची काळजी. अकरा मिनिटांत रुग्णालयात. तिथल्या सिस्टरने ताबा घेऊन सही केली आणि शेऱ्यात लिहिलं : दोनपैकी एक. मी म्हटलं, एकच आहे. तिने माझ्या खांद्यावरून गाडीत पाहिलं, मग शेरा खोडला. म्हणाली, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही बाई माझं.

गुरुवार, ६

काल संध्याकाळी सिलिंडरचा काटा १४० वर होता. आज सकाळी ९५. काल एकही कॉल नव्हता. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. नवीन वायसर घातला.

स्ट्रेचरवरची चादर मी कोपरे दुमडून घालते. आज मधोमध खळगा होता. मामांना विचारलं, दुपारी लवंडलात का? ते म्हणाले, मॅडम, मी उभ्याने झोपेन, पण तिथे नाही. चेष्टेचा सूर होता. चेहरा नव्हता.

शनिवार, ८

ताबापत्राची कार्बन प्रत काढली. शेवटचं पान कोरं नाही. सरांच्या अक्षरात एक ओळ आहे.

४३. रुग्ण – एक. शुद्धीवर.

त्याखाली, ताबा घेणार : माझी सही. बेचाळीस वस्तू हाताने मोजणारीने त्रेचाळिसावी न वाचता घेतली. हसू येण्यासारखं आहे. आलं नाही.

मागच्या महिन्याची नोंदवही काढली. एकवीस तारखेला सरांचा एकच कॉल आहे. तिसरा मजला, स्त्री, वय एकसष्ट, दम लागतो. रुग्णालयात येण्यास नकार. सोबत नकाराचा फॉर्म. नियमाप्रमाणे रुग्ण भानावर हवा, न आल्यास काय होईल ते त्याला समजेल असं सांगितलेलं हवं, सही त्याचीच हवी आणि साक्षीदार तिसरा हवा. इथे रुग्णाची सही, साक्षीदाराची सही आणि सरांची सही, तिन्हींचा डावीकडचा झुकाव सारखा. तिन्हींच्या शेवटी तसाच ठिपका.

मामांसमोर फॉर्म ठेवला. त्यांनी स्टिअरिंग पुसायला घेतलं. मग बोलले. बाईने नकार दिलाच नव्हता. लिफ्ट बंद, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, मामांची कंबर धरलेली. शिफ्ट संपायला दहा मिनिटं. सरांनी तिला खुर्चीत बसवलं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, हात हातात घेतला आणि म्हणाले, बसा जरा इथेच, आलोच मदत घेऊन. दार ओढून घेतलं, खाली येऊन गाडीत फॉर्म भरला. बाई एकटी राहायची. तिसऱ्या दिवशी दार तोडलं, तेव्हाही खुर्चीतच होती. तोंड दाराकडे.

मामा म्हणाले, मी नुसता चालक आहे मॅडम. मी फॉर्मची घडी घातली. मग तेच म्हणाले, नाही, मीही होतो.

रविवार, ९

सरांना फोन केला. शांतपणे बोलले. म्हणाले, इतक्या दिवसांनी आता झोप लागते. कायद्याने बघा, ताबा दिला, तुम्ही घेतला, सही आहे. मी म्हटलं, ती मेलीय. ते म्हणाले, मग घाबरता कशाला? मग हलक्या आवाजात म्हणाले, पुढच्या सोमवारी तुमच्या हाताखाली नवी मुलगी येतेय ना? तिच्याकडे पेन असेलच.

सोमवार, १०

ऑक्सिजन मोजायचा चिमटा चादरीच्या खळग्यात ठेवला. नुसत्या कापडावर तो आकडा दाखवत नाही. दुसऱ्या चादरीवर ठेवून खात्री केली. या चादरीवर ८८. धडधाकट माणसाचा पंच्याण्णवच्या वर असतो.

मी गाडीतून उतरले. ७९. चढले. ८८. सहा वेळा. मामांना चढवून पाहिलं, काही फरक नाही. फक्त मी.

बुधवार, १२

रुग्णालयात स्ट्रेचर आत नेलं. सिस्टरला ताबा घ्यायला सांगितलं. तिने चादरीवर तळहात ठेवला, झटकन काढला. म्हणाली, गरम आहे. पण जे दिसत नाही त्याची सही कशी करू, माझीही नोकरी आहे. तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर नसती केली.

केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं, नकाराच्या फॉर्मची प्रत जोडली. त्यांनी सुट्टी घ्यायला सांगितलं. मेलेल्या माणसाची तक्रार नसते म्हणाले. प्रत परत दिली नाही.

गुरुवार, १३

जेवायला वर गेले. नऊ मिनिटं. परत आले तर ७१.

आता गाडीतच जेवते. गाडीतच बसते. आईचे चार फोन. काय सांगू? कडेवर आहे, खाली ठेवता येत नाही —

शनिवार, १५

डोळा लागला. ६६. कुणीतरी माझी बाही धरली होती. खेचत नव्हतं. नुसती धरली होती.

सिलिंडर रोज एक संपतो. चादरीवर नळी ठेवली की ९१ पर्यंत जातं. म्हणजे उपचार लागू पडतो. म्हणजे ती —

उद्याचा दिवस गेला की नवी येईल. एक सही. फक्त एक. मी झोपेन.

सोमवार, १७

नवी आली. हसरी आहे. बेचाळीस वस्तू मोजल्या, झडपेची गळतीसुद्धा सापडली तिला. ताबापत्र माझ्या मांडीवर होतं. त्रेचाळिसावी ओळ मीच लिहिली होती, सकाळी, सुवाच्य अक्षरात. तिने पेन उघडलं. म्हणाली, ताई, शेवटचं पान कोरंच असतं ना?

पान फाडलं. चावून गिळलं, तिच्यासमोर. बिचारी मागे सरकली.

मग सुचलं. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. कॉल अजून बंद झालेला नाही. ती वर आहे. तिला खाली आणलेलंच नाही कुणी.

मामांना म्हटलं, चला. नवीला घेऊन मामा निघाले. नाही म्हणाले नाहीत.

सोमवार, १७ — दुपारी २.१०, तिसरा मजला

लिफ्ट बंद. स्ट्रेचर वळणावर अडलं. ते घेऊन मामा आणि नवी खाली गेले. मी उचलखुर्ची, जिन्यावरून रुग्ण उतरवायची पट्ट्यांची खुर्ची, घेऊन एकटी वर आले. दार उघडं. खोली रिकामी, भिंतींना नवा रंग. एकच खुर्ची. तोंड दाराकडे.

नाव सांगितलं. काय करणार ते सांगितलं. धोके सांगितले. संमती विचारली. बाही धरली गेली. मी ही संमती धरते.

चिमटा खुर्चीच्या हातावर ठेवला. ८४. हात पुढे केला, हातात हात आला. गार. हाडं मोजता येतील इतका हलका.

उचलखुर्चीत घेतलं. पट्टे आवळले. पट्टे भरले.

२.२५

पहिलं वळण. एकटीला पेलत नाही. वजन आहे. खरं वजन आहे. टेकवून लिहितेय. हात सोडलेला नाही, डाव्या हातात आहे.

मामांना हाक मारली. खालून नवीचा आवाज, दुसरा कॉल आलाय म्हणाली, शाळेजवळ, मुलं आहेत. बरोबर. जावंच लागेल. मग मामा. आवाज जिन्यातून घुमत आला —

बसा जरा तिथेच मॅडम, आलोच मदत घेऊन.

गाडी सुरू झाली. गेली.

२.५०

खुर्ची हलकी झालीय. पट्टे सैल. डावा हात मात्र अजून धरलेला, आता वरून, कुणी उभं राहून धरावा तसा. मी उचलखुर्चीत बसलेय. कधी बसले? तोंड वरच्या दाराकडे —

दम लागतोय. कारण नाही. जिना फक्त —

चिमटा माझ्या बोटाला आहे. मी लावला नाही. ८४

७९. मी गाडीतून उतरायचे तेव्हाचा आकडा. म्हणजे ती उतरतेय. एकेक पायरी. तिचा हात —

आई, मी नकार दिलेला नाही. लिहून ठेवते. कुणी फॉर्म दाखवला तर सही माझी नाही, मी भानावर होते, मी नकार