जुईला रडू द्यायचं

१२ जानेवारी, सोमवार
सकाळपासून नातीला, जुईला, खोकला. साधाच असावा. पण मधेच एकदा तो जुना, भुंकल्यासारखा आवाज आला आणि पडवीत सुपारी सोलणारी सुमन, चुलीपाशी सूनबाई रूपाली, टेबलाशी मी, सगळे जागच्या जागी थांबलो. जुईने आमच्याकडे पाहिलं आणि बाहुलीला सांगितलं, "काही नाही झालं हं." सुमनचं, तिच्या आजीचं वाक्य, आजीच्याच सुरात.
पुढच्या मंगळवारी मुंबई. जुईच्या डॉ.ना दाखवायचं.

१४ जानेवारी
डबी काढून पाहिली. उगाचच. जुई चार महिन्यांची असताना तिच्या श्वासनळीचा स्कॅन काढून त्या मापाने छापलेला आधार. पॉलिमरची पांढरी पूड, लेझरने थरावर थर वितळवत केलेला. दोन छापले होते. एक तिच्या छातीत, नळीला बाहेरून टाक्यांनी बांधलेला. जादाचा आम्हाला दिला. करंगळीच्या नखाएवढा, एका बाजूने उघडी बांगडी असावी तसा.
शरीरात तो तीनेक वर्षांत विरून जातो. तोवर मऊ नळी आपली आपण घट्ट व्हायची. जुई या पावसाळ्यात तीन पूर्ण करेल.
डबीतला तसाच आहे. आतल्याचं काय झालं असेल?

१७ जानेवारी
विहीणबाई, रूपालीची आई, पेणहून आल्या, तिळाचे लाडू घेऊन. जुईने एक खाल्ला, दुसरा मागितला. रूपाली नाही म्हणाली. जुईने तोंड जरासं उघडलं आणि विचारलं, "मी रडू का?"
लाडू मिळाला. तिच्या बापाने, निखिलने दिला, सुमनने दिला, मीही खिशातून काढला.
विहीणबाई हसतच सुटल्या. "व्याही, पोरीनं तर तुम्हा समद्यांना चांगलंच कामाला लावलंय. रडतेय तर रडू दे की. पोर हाय ती, काचेचं भांडं न्हाय."
रूपाली उठून आत गेली. दोन महिन्यांची जुई लशीची सुई टोचल्यावर रडता रडता निळी पडली, तेव्हा ती रूपालीच्याच मांडीवर होती. रडताना नळी आतून चपटी व्हायची. तेव्हापासून या घरात जुई रडलेली नाही. रडू दिलेलंच नाही. कान टोचलेले नाहीत, जावळ काढलेलं नाही. पावाची सायकल आमच्या दारावरून भोंगा न वाजवता जाते.

२० जानेवारी, मंगळवार
मांडव्याहून बोट. जुईला समुद्रपक्ष्यांना शेव टाकायची होती, टाकली.
स्कॅनमध्ये आधार जवळजवळ दिसतच नाही. नळीत दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा नळी उघडी होती. आम्ही हसायच्या बेतात. डॉ. म्हणाल्या, "गुंगीत आणि शांत असताना उघडी आहे. रडताना कशी असते?"
निखिलने रूपालीकडे पाहिलं, रूपालीने माझ्याकडे.
"म्हणजे? शेवटचं कधी रडली?"
निखिल म्हणाला, "तशी... रडत नाही ती."
डॉ.नी चष्मा काढला. "तुम्ही तिला रडूच देत नाही. मग मला कळणार कसं? घरी रडू द्या. ओठांचा रंग बघा, आवाज रेकॉर्ड करा. ओठ निळे झाले तर लगेच उचलून जवळचं हॉस्पिटल, आणि मला फोन." नळी टिकली नसेल तर नव्या मापाचा आधार छापायचा. म्हणजे छाती पुन्हा उघडायची.
परतताना बोटीत जुई झोपलेली. तिच्या छातीवरचा फ्रॉक वर-खाली होताना बघत होतो.

२४ जानेवारी
ठरलं की आज हट्ट पुरवायचा नाही. सकाळी फुगा नाही, दुपारी मोबाइल नाही. निखिल वाडीत निघून गेला, म्हणे नारळ पाडणारा आलाय. कोणी आला नव्हता. सुमनने पदराआडून गूळ दिला, मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. संध्याकाळी फुगा मीच आणला.
पेपरातल्या माझ्या सदराचा गुरुवारी द्यायचा मजकूर वेळेवर गेला होता. काय लिहिलं ते आज छापून आल्यावर कळलं.

२८ जानेवारी
विहीणबाईंचा फोन. "कान टोचून घ्या. सोनार घरी बोलवा. रडंल, आनि एकदाचं समजंल." रूपालीने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून, "व्याही, ऐकतंय ना कोन?"
रूपाली म्हणाली, "बाबा, सुई पुन्हा माझ्या मांडीवर नको." हे बोलताना तिचा आवाज नीट होता.

२ फेब्रुवारी
अंगणात जुई पडली. सुपाऱ्या वाळत घातलेल्या, त्यांवरून घसरली. गुडघा फुटला, रक्त. आम्ही सगळे धावलो.
ती रडली नाही. आमच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं, ओठ आत ओढून घेतले, डोळे भरले तरी तसेच धरून ठेवले. मग म्हणाली, "मी नाही रडले. आई, तू घाबरू नको."
रूपालीने तिला उचललं नाही. तिथेच सुपाऱ्यांत बसली.
संध्याकाळी मला म्हणाली, "सोनाराला रविवारी बोलवा."

८ फेब्रुवारी, रविवार
रेवदंड्याचा म्हातारा सोनार आला. सोन्याची तार, हळद, खोबरेल. निखिलची रिक्षा दारात, हॉस्पिटलला निघायची तयारी ठेवून. विहीणबाई कालच आल्या. जुई रूपालीच्या मांडीवर, डोकं मी धरलेलं.
"काका, हात सोडा. पोरीपेक्षा तुम्हीच हलताय," सोनार म्हणाला. "हिच्या बापाचे कान मीच टोचले. चावला होता मला."
मी हात सोडले. विहीणबाईंनी धरलं.
उजवा कान. तोंड उघडलं आणि आवाजच नाही. किती वेळ, सांगता येत नाही. रूपाली कानाकडे बघतच नव्हती, ओठांकडे. मग आवाज आला. असा की समोरच्या वाडीतले कावळे उडाले. विहीणबाई म्हणाल्या, "बघा! फुप्फुस हाय का भोंगा!" आणि स्वतःच रडायला लागल्या.
ओठ लाल. लालच होते.
शेवटी दोनदा तो भुंकल्यासारखा खोकला.
सोनाराने दुसरी तार उचलली. रूपाली म्हणाली, "थांबा." तो तार कागदात गुंडाळून ठेवून गेला. निखिलने रेकॉर्डिंग डॉ.ना पाठवलं.

९ फेब्रुवारी
डॉ.चा निरोप: खोकला मला स्वतः ऐकायचाय, गुरुवारी घेऊन या. तोवर रडली तर रडू द्या, ओठ बघत राहा.
जुई सकाळपासून आरशात उजवा कान बघते, मग डावा चाचपते. मघाशी मांजर कुंपणावरून निघून गेलं. "मी रडू का?" तिने विचारलं. रूपाली म्हणाली, "रड."
जुईला हे नवीन होतं. जरा वेळ विचार केला तिने. आता पडवीच्या पायरीवर, उजेडाकडे तोंड करून रडते आहे, मोठ्याने, मांजरासाठी. सुमन सुपारी सोलायची थांबली आहे. रूपाली उठली, दोन पावलं गेली, ओठ दिसतील अशा जागी परत बसली. मी लिहितो आहे म्हणजे ऐकतो आहे. अजून आवाज एकसारखा आहे. आता श्वास घ्यायला थांबली. पेन थांबवून ऐकतो आहे.