सहासष्ट की त्र्याहत्तर

२९ जानेवारी, सोमवार

वन्सं आल्या. गाडी तीन तास उशिरा, थंडीने नाक लाल. घरात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न — "अरुणची मिस्सा सांगितलीस का?" चहा नाही, पाणी नाही!

अकरा फेब्रुवारीला माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष होतं, आणि वन्संच्या कॅथलिक चर्चमध्ये गेलेल्याच्या नावाने फादरकडून मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, करवून घेतात. मी म्हटलं, "आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. तो देवाच्या हातात. आपण आभार मानायचे, मागायचं नाही."

"तो तुमच्यात कुठे होता? तो कॅथलिक."

छत्तीस वर्षं माझ्या प्रॉटेस्टंट चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला बिचारा. तरी ह्यांचाच!

३० जानेवारी

सकाळी पोहे परतताना मी म्हटलं, "शास्त्रात दाखवा. मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असं कुठे लिहिलंय? दाखवलंत तर मिस्सा." बाबांचं हेच असायचं. खेड्यातल्या चर्चचे पाळक, पण भल्याभल्यांना गप्प करायचे — "लिहिलंय? मग ठीक. नाही? मग बसा खाली."

वन्सं शांतपणे उठल्या. आपलं बायबल आणलं. "मक्काबी. दुसरा ग्रंथ. बारावा अध्याय."

मी माझं उघडलं. मक्काबी नाही! पुन्हा पुन्हा पाहिलं. मग दोन्ही बायबलं ओट्यावर शेजारी ठेवली आणि अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा करत आतली पुस्तकं मोजली, वाण्याची यादी तपासावी तशी. माझी सहासष्ट. त्यांची त्र्याहत्तर.

"तुमच्या लोकांनी सात गाळली."

"तुमच्यांनी सात घुसडली!"

पोहे करपले. सून मिताली इथलीच, जयपूरची, हिंदू घरातली. ती गंभीरपणे म्हणाली, "मम्मीजी, छापनेवालों को फोन कर लो ना। बदलून देतील."

१ फेब्रुवारी

वन्सं मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या, सगळ्या नर्सांच्या वर. सुई टोचताना हात हलत नाही. आज टोचली.

"कुठली पुस्तकं आत आणि कुठली बाहेर, हे तुझ्या पुस्तकात कुठल्या पानावर लिहिलंय?"

"अनुक्रमणिकेत!"

"ती छापखान्याने लावली. देवाने नाही."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चर्चने ठरवलं."

"चर्चला कुणी सांगितलं?"

"पवित्र आत्म्याने."

"मग मला का नाही सांगत तो?"

"तू ऐकून घेतेस का कुणाचं?"

ह्यावर निहार मोठ्याने हसला. माझा स्वतःचा मुलगा! म्हणे, "आई, मतलब, दोन्ही करून टाक ना. विषय संपव." ह्याला वाटतं हे रिचार्ज आहे.

२ फेब्रुवारी

ते पान शोधते आहे. सापडत नाही. पहिल्या उत्पत्तीपासून शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत एकाही ठिकाणी यादी नाही. वन्संना सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आले. शेवटच्या बाकावर आता एक नवं जोडपं बसतं. अरुणच्या जागी पर्स ठेवतात.

दुपारी वन्सं रजई घेऊन घोरायला लागल्या तेव्हा त्यांचं बायबल घेतलं. चुका शोधायला. माझं शाळेचं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं असंच वाचून वाचून झालं, म्हणून भीती वाटत नाही.

लढाईत मेलेल्या शिपायांना पुरायला जातात. तर त्यांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात! म्हणजे ही माणसं पाप अंगावर घेऊन मेलेली. मला वाटलं आता सेनापती त्यांना शिव्या घालणार. तो उलट सगळ्यांना प्रार्थनेला बसवतो. त्या मेलेल्यांसाठी.

चांगलं लिहिलंय. उगाच खोटं का बोलू?

मग इथे एक लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. वर्षभर मी रोज सकाळी आभार मानते. अरुण दिलास, आभार. छत्तीस वर्षं दिलीस, आभार. आणि मग जीभ अडते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तो पाणी मागत होता आणि डॉक्टर देऊ देत नव्हते. मला आभार मानायचे नाहीत. मला मागायचंय, त्याला पाणी द्या हो कुणीतरी. पण आमच्यात मागायचं नाही. वेळ संपली म्हणतात.

आणि मी मागितलं, तर बाबांचं सगळं शिकवणं खोटं पडतं. ते एवढं मोठं पुस्तक त्यांनी मला बोट धरून वाचायला लावलं होतं.

६ फेब्रुवारी

आमच्या पाळकांना फोन केला. पोरगेलेच आहेत, राघव नाव. विचारलं, मक्काबी वाचलं तर चालेल का?

"आंटीजी, पढ़ सकते हैं। पर उससे सिद्धांत नहीं बनाते।"

"हे कुणी ठरवलं?"

"हमारे बड़ों ने।"

"म्हणजे आपल्यातही कुणीतरी ठरवतंच! मग फादरमध्ये आणि तुमच्यात फरक काय?"

मग म्हणाले, "आंटीजी, मेरी एक मीटिंग है।"

८ फेब्रुवारी

आज भांडण नाही. बटाटेवडे केले. पोप आणि शास्त्र, दोघांनाही सुट्टी. वन्संनी पाच खाल्ले!

९ फेब्रुवारी

वन्संनी मला न विचारता मिस्सा सांगून टाकली! रविवारी सकाळी आठला. आणि घरी आमची आभाराची उपासना? तीही रविवारी सकाळी आठला! एकाच माणसाचं वर्ष दोन ठिकाणी, एकाच वेळी. मिताली म्हणते, "पापाजी असते तर झोपूनच राहिले असते." खरं आहे. भांडण सुरू झालं की तो डोळे मिटायचा.

वन्संना म्हटलं, "तुम्ही जा. मी येणार नाही."

"त्याच्यासाठी सुद्धा नाही?"

"त्याच्यासाठीच नाही. खोटं वागून त्याच्यासाठी काही मागणार नाही मी."

वन्सं उठल्या. माझ्या बायबलावर आपला चष्मा ठेवून झोपायला गेल्या.

११ फेब्रुवारी, रविवार

उपासना झाली. आभार मानले. दहा माणसं, शिरा उरला.

साडेदहाला वन्सं मिस्सेहून परतल्या. चपला न काढता दारातच म्हणाल्या, "सरोजिनी, हा उमाकांत कोण गं? फादरनी अरुणच्या नावाला जोडून वाचलं. मी विचारलं तर म्हणाले, अरुणजी दर नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, प्रार्थनेच्या यादीत हे एकच नाव लिहून जायचे. चौदा वर्षं. ह्या नोव्हेंबरात कुणी आलं नाही, म्हणून आज त्यांनीच घातलं."

मी खुर्चीवर बसले.

उमाकांत माझे बाबा. वन्संना ते नुसते 'पाळकसाहेब' म्हणून ठाऊक. पंधरा वर्षांपूर्वी गेले. आयुष्यभर मिस्सेच्या विरुद्ध प्रवचनं केली त्यांनी. अरुणला जावई म्हणायलाही सात वर्षं लावली!

वन्संना सांगितलं. आधी त्या हसल्या, मग मी, मग दोघींना थांबताच येईना. निहार घाबरून पाणी घेऊन आला.

संध्याकाळची मिस्सा सहाला असते म्हणे. साडी बदलते आहे.