सईच्या रक्तवाहिन्या चांगल्या आहेत, ताई

प्रिय ताई,

आज दुपारी सईचा रिपोर्ट आला. आई म्हणाली, "संजू, हे तुझ्या बहिनीला कळाया पायजे हुतं." म्हणून तुला लिहायला बसलोय.

सई म्हणजे माझी मुलगी. तू तिला पाहिलं नाहीस. आठवीत आहे, कबड्डी खेळते आणि तुझ्यासारखाच तिलाही लहानपणापासून डायबेटिस आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. निदान झालं तेव्हा आई म्हणाली, "परत आलं आपल्या घरात."

तुझ्या वेळी राहुरीला आपण फक्त साखर तपासून घ्यायचो. वाढलेली साखर आतून रक्तवाहिन्याही खराब करते, हे कुणी सांगितलं होतं आपल्याला? आधी तुझे डोळे गेले, मग किडन्या, आणि शेवटी तू.

आणि तूही कमाल केलीस. स्टँडवर गाडी लागली की म्हणायचीस, "वाच बरं संजू, कुठली गाडी?" मी ऐटीत वाचायचो, "शेवगाव." मला वाटायचं, तू माझं वाचन तपासतेस. तुला पाटीच दिसत नव्हती, हे घरात फार उशिरा कळलं. का नाही बोललीस गं? डी.एड. अर्धवट सोडायला लावतील म्हणून?

मध्यंतरी नगरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सईच्या रक्तातले काही घटक मोजू. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावलं की ते वाढतात. डोळ्यांना, किडनीला त्रास जाणवायच्या आधीच."

आई सोबत होती. म्हणाली, "कळून काय करायचंय? आमच्या पोरीचं कळलं, तवा काय हातात ऱ्हायलं हुतं?"

"आजी, तेव्हा उशिरा कळलं," मॅडम म्हणाल्या. "लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं. नुसत्या या रक्तावरून भविष्य सांगता येत नाही. पण लघवी आणि डोळेही तपासले, की अंदाज येतो."

पहिला रिपोर्ट वाईट आला. रक्तातल्या त्या घटकांपैकी सूज दाखवणारा एक वाढलेला, लघवीतून प्रोटीनही जात होतं. मॅडमनी तिथेच विचारलं, "ताप होता का हिला?" होता. घसा सुजलेला असताना बाईसाहेब मॅच खेळून आल्या होत्या. "तापानं आणि दमणुकीनंही हे वाढतं. बरी होऊ दे, मग पुन्हा करू."

पटलं होतं मला. पण धीर कुठून आणायचा?

येताना गाडीवर मागून सई म्हणाली, "पप्पा, मला आत्यासारखं होणार का?"

पुढे उसाची ट्रॉली होती. तिला ओलांडून गाडी पुढे काढली. मग म्हणालो, "ते आज सांगता येत नाही. पण आत्याच्या वेळी जे कळलं नाही, ते आपल्याला कळतंय." ती माझा शर्ट घट्ट धरून बसली.

मधले दिवस कसे गेले, काय सांगू? आई शनिशिंगणापूरला जाऊन आली. मी कांद्याला पाणी सोडून बांधावर बसून राहिलो आणि वाफे फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं, तरी मला पत्ता नाही. सईची आई तेवढी शांत होती. वेळेवर इन्सुलिन, वेळेवर जेवण. ती होती म्हणून निभावलं.

आणि आज सगळं व्यवस्थित आलंय, ताई. रक्तातला तो घटक खाली आलाय, लघवी स्वच्छ आहे आणि डोळ्यांचे पडदेही चांगले आहेत.

आईनं खात्री करून घेतली, "म्हंजी किडनी चांगली हाय?"

"व्हय आई, चांगली हाय."

ती पदरानं डोळे पुसत उठली आणि लगेच सईवर ओरडली, "चिखलाच्या चपला घेऊन घरात कशाला आलीस?" कितीतरी दिवसांनी आईचं ते ओरडणं ऐकलं. इतकं हलकं वाटलं मला. तू असतीस तर हसली असतीस का गं?

धोका कायमचा टळला, असं मॅडम म्हणत नाहीत. दर वर्षी बघावं लागेल. तेव्हा तुला शब्द देतो. मला कितीही भीती वाटली तरी दर वर्षी तिला तपासायला नेईन. आणि आकडा वाईट आला, तरी या घरात कुणी तिच्यावर चिडणार नाही. तुझ्यासारखं लपवून न ठेवता, जे असेल ते तिनं आम्हाला बिनधास्त सांगावं.

तुझा,
संजू