वार पुढच्या बाजूला

९ ऑगस्ट
आज पाच बरण्या. प्रत्येकीत एकेक वार — बाळाला नऊ महिने पोसून झालं, की आमच्याकडे. धुवायची, नाळ कापायची, वजन, मापं, मग तपासायला डॉक्टर मॅडमच्या टेबलावर. बारा वर्षं हेच. मी लोकांना 'लॅबमध्ये असते' एवढंच सांगते. धाकटी बहीण मात्र जगाला सांगत सुटते — "आमच्या ताईला विचारा, डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं तिला!" आठवा लागलाय तिला.

१४ ऑगस्ट
धाकटीची सोनोग्राफी. रिपोर्ट आधी मला दाखवला, मग नवऱ्याला. बाळ वजनाला कमी. वार पुढच्या बाजूला. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. मी लगेच शहाणपण पाजळलं — वार पुढे असली की लाथा कमी कळतात, मध्ये उशी असल्यासारखं होतं. हसली एकदाची. "म्हणजे उशीवर लोळतंय होय!"

२२ ऑगस्ट
दुपारी तिचा फोन. मी काट्यापाशी, हातात मोजे, फोन खांद्यात धरलेला. "ताई, सकाळपासून फारसं हललंच नाही गं. जाऊन येऊ का दवाखान्यात?"
म्हटलं, "अगं, उशी आहे ना मध्ये! खा काहीतरी, डाव्या कुशीवर पड. उद्या बघू."
फोन ठेवताना मनात पाल चुकचुकली. पण अजून दोन बरण्या होत्या. संध्याकाळी तिचा फोन आला नाही, म्हणजे बरं असणार, असं मीच ठरवलं.

२३ ऑगस्ट
तातडीने सिझेरियन. मुलगी. बाराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल आणायला हवं होतं." कुणाकडेच न बघता म्हणाल्या. मी सगळ्यांच्या मागे उभी.

२४ ऑगस्ट
तिची वार आमच्याकडे आली. मॅडम म्हणाल्या, "तू नको करूस, मी करते." तरी मी पाहिलं. निम्मी पांढरट, घट्ट — रक्तच पोचत नव्हतं तिथे. मला कळतं ते हे, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर. वर पेटीपाशी गेले. हात लावू देत नाहीत. इतकी वर्षं हातांनीच काम केलं, आज त्यांचं काय करायचं ते कळेना.

२५ ऑगस्ट
तशीच आहे.

२६ ऑगस्ट
गेली. सकाळी सात दहाला.

२९ ऑगस्ट
धाकटीला घरी आणली. तिच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलंच, "एक दिवस थांबलीस कशाला गं?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मीच कंटाळा केला, आई." सासूबाई तिला बोलत राहिल्या. मी शेजारीच बसले होते.