वाळवण नावाची साडी

३ मे
कॉलेजातला मराठी विभाग बंद. माझं कंत्राटही संपलं. आता मिळेल ती नोकरी. इथल्या कापड मार्केटमधल्या एका गुजराती शेठना माणूस हवाय: माल महाराष्ट्रात जातो, साड्यांना मराठी नावं द्यायची. अर्ज केला. पीएच.डी. लिहिलं, खोडावंसं वाटलं. राहू दिलं.

६ मे
मुलाखत. लवकर पोचले. कापड. जिन्यात, लिफ्टमध्ये, हमालांच्या पाठीवर. गठ्ठे सरकत होते, माणसं दिसत नव्हती. एवढं सगळं नेसणाऱ्या बायका कुठेतरी असतील. आणि प्रत्येक डिझाइनला नाव. भिंतीला टेकून पाहत राहिले.

शेठनी अर्ज वाचला. "बेन, तमे तो बहु भणेला. दो महीने में कोई कॉलेज बुलाएगा, आप चली जाओगी."
"नाही जाणार."
"सब यही बोलते हैं." तरी एक साडी उलगडली. हळदीचा पिवळा, त्यावर विखुरलेले लाल ठिपके. "बोलो."
"वाळवण."
"एटले शुं?"
सांगितलं. उन्हाळा, गच्ची, जुनी साडी अंथरून त्यावर पापड, मिरच्या.
शेठ चष्मा काढून साडीकडे बघत बसले. "मारी बा पण साडी पर ज सुकवती."
चहा मागवला. नोकरी नाही.

७ मे
जास्त शिकलेली. शिकलेलं कुठे परत करायचं असतं, ते एकदा—

१९ जून
भेस्तानला घरीच. शेजारच्या, धुळ्याकडच्या लीलाकाकू घरी साड्यांना खडे चिकटवतात. आज त्यांचं दार उघडं. खोलीभर तोच पिवळा. पाकिटांवर छापलेलं: वाळवण.
खालीच बसले. माझा प्रबंध चौघांनी वाचला, त्यात दोन परीक्षक. इथे एक शब्द खोलीत मावत नव्हता.
काकू म्हणाल्या, "ताई, हाई नाव आपला घरनंच शे. कोनी दिधं व्हई?"
"मी."
"जाय वं! इतली शिकेल बाई साडीले नाव देस का?"

२१ जून
शेठचा फोन. "नाम चल गया, बेन! धुलिया से फिर ऑर्डर आया. और डिज़ाइन के फोटो भेजता हूँ, नाम बोल दो."
"आणि नोकरी?"
"अरे, आप कहाँ टिकोगी!"
फोटो आले. पहिला उघडला. काळ्यावर राखी, मधोमध निखाऱ्यासारखी एकच रेघ. कोणी काढली असेल? कितीतरी वेळ बघत राहिले. नाव आपोआप आलं.
संध्याकाळी शेठचा मेसेज: बोलो?
अजून कळवलेलं नाही. इथेही लिहीत नाही.